फ्रीलान्स फिल्म एडिटर: दर, लॉक आणि डिस्कची पोच

एडिटरच्या धंद्यात सगळ्यात महाग शब्द ‘लॉक’ हा आहे. चित्र लॉक झालं, आता एक फ्रेमही हलणार नाही, असं सगळे माना डोलावून सांगतात आणि तिसऱ्या दिवशी निर्मात्याच्या मेहुण्याला दुसरं गाणं लांबलेलं वाटतं. स्टुडिओत पगारावर असलेल्याला त्याचं फारसं काही नाही. फ्रीलान्सरचे मात्र ते दिवस फुकट जातात, आणि असे वीस दिवस गेले की एका चित्रपटाच्या कमाईला मोठी चाट बसते.

खालची माहिती मुंबईत चित्रपट आणि वेबसिरीजवर स्वतंत्रपणे काम करू पाहणाऱ्या एडिटरसाठी आहे. कटिंग येतं हे धरून चाललो आहोत. इतर विभागांतल्यांनाही कराराचा आणि बिलांचा भाग जवळपास तसाच लागू पडेल.

आधी असिस्टंट

पहिली दोनेक वर्षं असिस्टंट एडिटर म्हणून काढा. चित्रपटाचा एडिटर दिग्दर्शक निवडतो आणि तो सहसा ओळखीतलाच असतो. असिस्टंट निवडतो एडिटर किंवा पोस्ट-प्रॉडक्शन सुपरवायझर, आणि त्यांना दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी हवंच असतं. तुमचा कट किती सुंदर आहे हे पहिल्या दिवशी कुणी विचारत नाही. सेटवरून आलेला डेटा पडताळून कॉपी करता येतो का, साउंड सिंक करता येतो का, प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) आणि बिन (क्लिपचे फोल्डर) नीट लावता येतात का, साउंडला एएएफ आणि डीआयला (रंग आणि अंतिम चित्राचा विभाग) एक्सएमएल किंवा ईडीएल, म्हणजे टाइमलाइन पुढे नेणाऱ्या फाइल, काढून देता येते का, एवढंच विचारतात. अ‍ॅव्हिड, प्रीमिअर आणि डाव्हिंची रिझॉल्व्ह यांपैकी एकात हात बसलेला हवा. बाकीच्या दोन्हींत प्रोजेक्ट उघडून टर्नओव्हर (पुढच्या विभागांना द्यायच्या फाइलचा संच) काढता आला तरी चालतं. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती सरावाला पुरते.

राहायला अंधेरी पश्चिमेच्या आसपास जागा मिळाली तर बरं. वीरा देसाई रोड, ओशिवरा, वर्सोवा या पट्ट्यात एडिट आणि साउंड स्टुडिओ रिक्षाच्या अंतरावर आहेत, आणि असिस्टंटचं अर्धं आयुष्य डिस्क इकडून तिकडे नेण्यात जातं. एडिटर झाल्यावर पुण्यात किंवा कोल्हापुरात बसून काम करता येतं. असिस्टंट असताना ते जमत नाही.

पुण्याच्या एफटीआयआय (स्थापना १९६०) किंवा कोलकात्याच्या एसआरएफटीआय या सरकारी चित्रपट संस्थांमध्ये शिकलेल्यांना वर्गमित्रांचं जाळं आयतं मिळतं. बाकीच्यांनी लघुपट करणाऱ्या दिग्दर्शकांना गाठावं. नोव्हेंबरात गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या जोडीने फिल्म बाजार भरतो. तो २००७ पासून चालू आहे. तिथल्या वर्क-इन-प्रोग्रेस लॅबमध्ये रफ कटच्या अवस्थेतले चित्रपट येतात, म्हणजे ज्यांचं एडिट अजून संपलेलं नाही असे दिग्दर्शक आणि निर्माते एकाच छताखाली सापडतात. पहिल्याच वर्षी खर्च करून जाऊ नका. दाखवण्यासारखं काहीतरी हातात असेल तेव्हा जा.

रील आणि पहिला मेसेज

एडिटरची शोरील म्हणजे ठेक्यावर कापलेले सुंदर शॉट, हा समज सोडून द्या. ते शॉट कॅमेरामनचं कौशल्य दाखवतात. तुम्ही दोन पूर्ण सीन दाखवा, प्रत्येकी दोन-तीन मिनिटांचे. एक संवादाचा, ज्यात दोघांपैकी एक जण बराच वेळ गप्प आहे. दुसरा बिनसंवादाचा. गप्प माणसावर तुम्ही कधी कट करता आणि किती वेळ थांबता, यावरून जाणकाराला अर्ध्या मिनिटात अंदाज येतो. प्रदर्शित न झालेल्या कामातला एक शॉटही निर्मात्याच्या लेखी परवानगीशिवाय लावू नका. लिंक ‘फक्त तुम्हालाच पाठवतोय’ म्हणून पाठवली तरी ती पुढे जातेच.

मेसेज असा असावा:

“नमस्कार मॅडम. गेल्या वर्षभरात दोन लघुपट आणि एका सिरीजचे चार भाग असिस्ट केले आहेत. प्रीमिअर आणि अ‍ॅव्हिड दोन्ही येतात. सिंक, प्रॉक्सी, साउंड-डीआय टर्नओव्हर एकटी करते. १० जूनपासून मोकळी आहे. ओशिवऱ्यात राहते, रात्रीची शिफ्ट चालेल. दोन सीनची लिंक खाली देते, पासवर्ड नाही.”

यात लहानपणापासूनचं सिनेमाचं वेड नाही, आणि तेच बरं आहे. वाचणाऱ्याला तारीख, काम आणि पत्ता एका नजरेत दिसतो. उत्तर नाही आलं तर दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करा आणि मग थेट पुढच्या मोकळ्या तारखेला. सर-मॅडम म्हणायचं की दादा-ताई, हे समोरच्याच्या पहिल्या उत्तरावरून ठरवा. एकदा ‘अगं ये उद्या’ असं आलं की ताई म्हणायला हरकत नाही.

दर काढायचा कसा

‘बाजारात काय चाललंय’ असं विचारून दर ठरवला की माणूस नेहमी तोट्यात जातो. स्वतःच्या खर्चावरून उलटं मोजा. समजा घरभाडं, जेवण, प्रवास, घरी पाठवायचे पैसे मिळून महिन्याला ५५,००० लागतात. वर्षाचे झाले ६,६०,०००. मशीन, मॉनिटर, सॉफ्टवेअरचं वर्गणीशुल्क आणि दुरुस्ती यांचे १,२०,००० धरा आणि आजारपण-रिकामे महिने यांसाठी १,००,००० बाजूला टाका. एकूण ८,८०,०००. आता वर्षात बिल लावता येतील असे दिवस किती? फ्रीलान्सरला ३०० मिळत नाहीत. दोन कामांमधली फट, भेटीगाठी, फुकट दिलेल्या टेस्ट कट्स वजा जाता १४० धरणं शहाणपणाचं. ८,८०,००० भागिले १४०, म्हणजे दिवसाला सुमारे ६,३००. हा तुमचा तळ. कर यात धरलेला नाही.

शंभर मिनिटांच्या चित्रपटाला असेंब्ली (सगळे सीन क्रमाने लावून केलेली पहिली जोडणी), रफ कट, फाइन कट, लॉक असं मिळून बारा आठवडे सहज जातात. आठवड्याला सहा दिवस धरले तर ७२ दिवस आणि साडेचार लाखांच्या वर रक्कम. छोट्या मराठी चित्रपटाचा निर्माता इथे म्हणतो, “दोन लाख आहेत बघा.” अशा वेळी दर पाडू नका, दिवस पाडा. दोन लाखांत तुमचे ३२ दिवस बसतात. मग असेंब्ली असिस्टंटने करायची, त्याचे पैसे निर्मात्याने वेगळे द्यायचे, तुम्ही रफ कटपासून बसायचं, आणि ३२ दिवसांनंतर दिवसाच्या दराने. निर्माता यालाही नाही म्हणाला, तर हे काम ओळख वाढवायला कमी पैशात करतोय हे स्वतःशी स्पष्ट ठेवा. असं काम वर्षाला एक पुरे.

करारात काय हवं

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटाचा मालक निर्माता. २०१२ च्या दुरुस्तीने लेखक, गीतकार, संगीतकारांना रॉयल्टीत हक्क मिळाला. एडिटरच्या वाट्याला तसं काही आलेलं नाही. त्यामुळे पैसे आणि श्रेय या दोन्ही गोष्टी करारातल्या शब्दांवरच अवलंबून असतात. मोठी कंपनी वीस पानी करार देते, छोटा निर्माता व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डन’ लिहितो. दुसऱ्या प्रकारात तुम्हीच एक पानाचा डील मेमो करून मेल करा आणि मेलवरच होकार मागा.

पैशांचे टप्पे: सहीच्या वेळी २० टक्के, पहिला पूर्ण कट दाखवल्यावर ३०, लॉकवर ३०, आणि उरलेले २० अंतिम टर्नओव्हर हातात देण्याआधी. ‘उरलेले प्रदर्शनाच्या वेळी’ हे वाक्य दिसलं की तिथे थांबा. चित्रपट दोन वर्षं डब्यात राहू शकतो, तुमचे पैसेही त्याच डब्यात राहतील.

करार ज्या नावाने आहे त्याच नावाने पैसे येणार का, हेही बघा. बॅनरचं नाव एक, एलएलपीचं दुसरं आणि चेक तिसऱ्याच कंपनीचा, असं झालं की थकबाकी कुणाकडे मागायची हेच कळत नाही.

श्रेय कसं लिहायचं ते अक्षरशः लिहून घ्या: देवनागरीत आणि रोमनमध्ये नावाचं स्पेलिंग, स्वतंत्र पाटी की नाही, पोस्टरवर आणि ट्रेलरच्या शेवटी नाव येणार का. अर्ध्यात काढून टाकलं किंवा तुम्ही सोडलंत तर झालेल्या दिवसांचे पैसे आणि ‘अतिरिक्त संकलन’ असं श्रेय. प्रदर्शनानंतर दोन सीन शोरीलमध्ये वापरायची मुभा. सेन्सॉरने सुचवलेले कट कोण करणार, वाहिनीसाठी वेगळी आवृत्ती लागली तर तिचे पैसे किती. ट्रेलर-टीझर तुम्हीच कापायचे, असं निर्मात्याच्या मनात असतं पण कागदावर नसतं. तेही विचारा.

आणि लॉक. करारात लॉकची व्याख्या एका वाक्यात टाका: दिग्दर्शक आणि निर्माता यांनी मेलवर मान्य केलेला कट, ज्यानंतर साउंड आणि डीआयचं काम सुरू होतं. त्याआधी नोट्सच्या तीन फेऱ्या ठरलेल्या पैशांत, चौथीपासून दिवसाच्या दराने. एक फेरी म्हणजे सगळ्यांच्या नोट्स एकत्र करून एकाच माणसाने लेखी पाठवलेल्या. दिग्दर्शकाने सकाळी फोनवर, निर्मात्याने दुपारी आणि वाहिनीच्या माणसाने रात्री सांगितलेलं मिळून एक फेरी होत नाही, ती तीन भांडणं होतात.

डेटा आणि कटिंग रूम

सेटवरचा डेटा किमान दोन डिस्कवर, चेकसम पडताळणारं (कॉपी मुळाशी तंतोतंत जुळते का ते बघणारं) सॉफ्टवेअर वापरून कॉपी झालेला हवा. फोल्डर ओढून टाकला की कॉपी झाली असं दिसतं, आणि एका क्लिपच्या शेवटच्या चार सेकंदांत कचरा निघाल्याचं महिन्याने कळतं. तोवर कार्ड पुसलेलं असतं. डिस्क निर्मात्याने विकत घ्यायच्या. तुमच्या डिस्कवर त्यांचा चित्रपट ठेवला की जबाबदारी तुमची आणि वादात ओलीसही तुम्हीच.

जागेचा अंदाज: प्रोरेस ४२२ प्रॉक्सी, १९२० बाय १०८०, २४ फ्रेमला तासाला साधारण १६ जीबी घेते. ४० तासांचं फुटेज असेल तर ६४० जीबी. म्हणजे १ टीबीची एसएसडी पुरते, सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या (कॅशे) फाइल वेगळ्या ड्राइव्हवर ठेवल्या तर.

शूटिंगच्या पहिल्याच दिवशी कॅमेरा आणि साउंड दोघांनाही फ्रेमरेट विचारून लेखी घ्या. २४ आणि २३.९७६ यांत हजारातल्या एकाएवढा फरक आहे, पण तासाभरात आवाज ३.६ सेकंद सरकतो. छोट्या क्लिपमध्ये तो दिसत नाही, पूर्ण गाण्याच्या टेकमध्ये ओठ आणि शब्द वेगळे पडतात.

फाइलच्या नावात चित्रपटाची आद्याक्षरं, रील, आवृत्ती आणि तारीख, रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिली की फोल्डर आपोआप क्रमाने लागतो. ‘फायनल’ हा शब्द नावात घालू नका. फायनलनंतर फायनल टू येतंच.

लॉकचा दिवस

चित्रपट साधारण वीस-वीस मिनिटांच्या रीलमध्ये तोडा. शंभर मिनिटांना पाच. तोड सीनच्या शेवटी करा, जिथे संगीत एका रीलमधून दुसऱ्यात वाहत नाही. रील १ चा टाइमकोड (तास:मिनिट:सेकंद:फ्रेम) ०१:००:००:०० पासून, रील २ चा ०२ पासून. सुरुवातीला आठ सेकंदांचा लीडर (चित्राआधीची पट्टी), चित्राची पहिली फ्रेम ०१:००:०८:०० ला. तिच्या बरोबर दोन सेकंद आधी, ०१:००:०६:०० ला, एका फ्रेमचा एक किलोहर्ट्झचा बीप. याला टू-पॉप म्हणतात. तसाच एक शेवटच्या फ्रेमनंतर दोन सेकंदांनी. साउंडवाले हे दोन बीप चित्राशी जुळवून बघतात. पुढचा जुळला आणि मागचा नाही, तर फ्रेमरेट चुकलाय हे एका मिनिटात कळतं.

साउंडला द्यायचं ते असं:

– प्रत्येक रीलचा एएएफ, क्लिपच्या दोन्ही टोकांना हँडल (कटच्या पलीकडचा जादा आवाज) ठेवून. किती ते साउंड एडिटरला विचारा, पाच सेकंद बहुतेकांना चालतात.
– टाइमकोड चित्रावरच छापलेला संदर्भ व्हिडिओ.
– तुमचा गाइड मिक्स (एडिटवर लावलेला तात्पुरता आवाज).
– लोकेशन साउंडच्या मूळ फाइल्स, सगळ्या ट्रॅकसह, आणि साउंड रिपोर्ट.

एएएफ काढण्याआधी टाइमलाइनवर संवाद, इफेक्ट आणि संगीत वेगवेगळ्या ट्रॅकवर आहेत ना, ते बघा. घाईत कापताना कॅमेऱ्याने टिपलेला कामचलाऊ (स्क्रॅच) आवाज टाइमलाइनवर राहून जातो, आणि रेकॉर्डिस्टच्या लेपल माइकचा आवाज कुठे गेला हे साउंड एडिटर दोन दिवस शोधत बसतो. त्याची चिडचिड रास्त असते. पुढच्या कामाला तुमचं नाव सुचवणारा किंवा गाळणारा माणूसही पुष्कळदा तोच असतो, हे नवख्यांना उशिरा कळतं.

एएएफ पाठवण्याआधी रिकाम्या प्रोजेक्टमध्ये स्वतः उघडून पाहा. दहा मिनिटं लागतात.

आता मेहुण्याचं गाणं. रील ३ मधून ४६ फ्रेम काढायच्या, दोन सेकंदही नाहीत. पण त्या जागेनंतरचं रील ३ मधलं सगळं ४६ फ्रेम अलीकडे सरकतं: फोली (पावलं, कपडे यांचे स्टुडिओत केलेले आवाज), पार्श्वसंगीत, डीआयची टाइमलाइन, व्हीएफएक्सचे शॉट. रील केली असल्यामुळे रील ४ आणि ५ वाचतात, त्यासाठीच ती करायची. बदल करण्याआधी असा मेल टाका, विनोद न करता:

“लॉकनंतरचा बदल क्र. २. रील ३, ०३:११:२०:०४ पासून ४६ फ्रेम कमी. परिणाम: साउंड, पार्श्वसंगीत, डीआय. नवीन टर्नओव्हर १ दिवस, करारातल्या दराने. होकार आल्यावर सुरू करतो.”

हा मेल गेल्यावर अर्धे बदल आपोआप अनावश्यक ठरतात.

बिल, टीडीएस, जीएसटी

बिलावर चित्रपटाचं नाव, करारातला टप्पा, पॅन, बँक खात्याचा क्रमांक आणि आयएफएससी हवेत. व्यावसायिक फीवर १० टक्के टीडीएस कापला जातो. एका वर्षात एकाच देणाऱ्याकडून ५०,००० पेक्षा जास्त झाले की (ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची). कापलेला टीडीएस दर तिमाहीला प्राप्तिकर पोर्टलवरच्या करकपातीच्या पत्रकात (लोक त्याला २६एएस म्हणतात) दिसतो का ते बघा. दिसला नाही तर तो कापलाय पण बहुधा सरकारजमा झालेला नाही, आणि हे मार्चनंतर विचारण्यापेक्षा लगेच विचारलेलं बरं.

ज्या अनुमानित करयोजनेला लोक ४४एडीए म्हणतात, तिच्यात वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल (रोखीचा हिस्सा ५ टक्क्यांपर्यंत असेल तर ७५ लाख) तर निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरता येतो, जमाखर्चाची पुस्तकं ठेवावी लागत नाहीत. आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात. चित्रपट कलावंतांच्या अधिकृत यादीत संकलक आहे. मात्र त्या यादीत सहायक दिग्दर्शक, सहायक कला-दिग्दर्शक स्पष्ट लिहिलेत, संकलकापुढे ‘सहायक’ हा शब्द नाही, आणि साउंड रेकॉर्डिस्टचा तर उल्लेखच नाही. असिस्टंट एडिटर आणि साउंडवाल्यांनी सीएला विचारल्याशिवाय हा मार्ग धरू नये.

वर्षाची जमा २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी, दर १८ टक्के. पैसे नव्वद दिवसांनी येणार असले तरी जीएसटी बिलाच्या हिशेबाने आधी भरावा लागतो. टप्प्यांचे पैसे वेळेवर मागण्याचं हे आणखी एक कारण.

उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) फुकट आहे आणि एकट्या माणसालाही करता येते. काम घेण्याआधी करा आणि क्रमांक बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिपटीने चक्रवाढ व्याज. तक्रारीला सरकारी ऑनलाइन पोर्टल आहे. प्रत्यक्षात ज्याच्याकडे पुन्हा काम करायचंय त्याच्याविरुद्ध तिथे कुणी जात नाही. पण मुदत उलटूनही ३१ मार्चपर्यंत न दिलेली रक्कम निर्मात्याला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, आणि हे त्याच्या अकाउंटंटला पक्कं ठाऊक असतं. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवण दिग्दर्शकाला करू नका, अकाउंट्सला करा, उद्यम क्रमांकासकट.

काम संपल्यावर

डिस्क परत देताना पोच घ्या: डिस्कचा सीरियल नंबर, कोणत्या फोल्डरमध्ये काय, तारीख, घेणाऱ्याची सही. सोबत प्रोजेक्ट फाइल, लॉकच्या टाइमलाइनचे एक्सएमएल आणि वापरलेल्या फॉन्ट-प्लगइनची नावं. वर्षाने वाहिनीसाठी आवृत्ती करायची वेळ येते तेव्हा हीच डिस्क लागते आणि ती निर्मात्याच्या ऑफिसात कुणालाच सापडत नाही. तेव्हा फोन तुम्हाला येतो. प्रोजेक्ट फाइलची एक प्रत, मीडियाशिवाय, स्वतःकडे ठेवायची परवानगी त्या पोचेवरच लिहून घ्या.